सोळाव्या वर्षी विमान चालवायला शिकायचंय?

दहावी झालेली मुलगी घरात जाहीर करते, "मला विमान चालवायला शिकायचंय." आईला धास्ती अपघाताची, बाबांना खर्चाची. दोघांची काळजी रास्तच. तिथे हट्टापेक्षा माहिती जास्त कामी येते.

आपल्या देशात दहावी उत्तीर्ण मुलांना सोळाव्या वर्षी विद्यार्थी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यासाठी वय 18 हवं आणि उड्डाणाचे किमान 200 तास. शिकवणीच्या विमानात नियंत्रणं दुहेरी असतात. चूक झाली तर प्रशिक्षक लगेच विमान हाती घेतात. त्यांची खात्री पटल्याशिवाय विद्यार्थ्याला एकट्याने उडू देत नाहीत.

इतक्या लहान वयात? अ‍ॅस्पी इंजिनिअर यांचं उदाहरण सांगता येईल. 1930 साली, अवघ्या सतराव्या वर्षी, इंग्लंड ते भारत एकट्याने विमान आणून त्यांनी आगाखान पारितोषिक जिंकलं. स्पर्धेत जेआरडी टाटाही होते! हेच अ‍ॅस्पी पुढे हवाई दलप्रमुख झाले.

खर्च मात्र लाखांत जातो. म्हणून फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. दृष्टी किंवा रंगओळखीतला दोष तेव्हाच कळतो. एनसीसीच्या हवाई विभागात मायक्रोलाइट उड्डाणाचा अनुभवही मिळू शकतो.

गोंदिया, बारामती, धुळे इथे प्रशिक्षण चालतं. आईबाबांना सोबत न्यावं, प्रशिक्षकांशी बोलू द्यावं. विमानांची देखभाल कशी होते, फी हप्त्यांत भरता येते का, मध्येच सोडल्यास किती परत मिळते, हे सारं लेखी घ्यावं.