शेतीचे शिक्षण कोणाच्या हाती पडते?

(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



महोत्सवाच्या सभेत शेतीचा विषय कोठून आला, असे कोणास वाटणे साहजिक आहे. परंतु वसमत तालुक्यात ज्या घरी हळद नाही, त्या घरी बहुधा हळदीची मजुरी तरी आहे. म्हणून आनंदाच्या प्रसंगीच हे बोलावे असे मनात आले.

शाळेचे वय सरलेल्या माणसास त्याच्या धंद्याचे ज्ञान त्याच्या बांधावर नेऊन पोचविणे, ह्यास कृषिविस्तार म्हणतात. अमेरिकेत सीमन नॅप ह्या गृहस्थाने १९०३ साली टेक्सासमधील टेरेल गावी शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात प्रयोग करविला. पुस्तकाने जे पटले नाही, ते शेजाऱ्याच्या पिकाने पटले. आपल्या देशी समुदाय विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला, पाठोपाठ राष्ट्रीय विस्तार सेवा आली, आणि १९७४ साली पाँडिचेरीस पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. आपल्या हिंगोली जिल्ह्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात तोंडापूर येथे आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ तर १९७२ पासूनचे. वसमत येथे हळदीच्या संशोधनाचे व प्रशिक्षणाचे स्वतंत्र केंद्रही झाले असून, २०२४ साली वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन लाभले. ज्ञानाची सोय नाही, असे आपणांस म्हणता येणार नाही.

ह्या केंद्रांतून मिळते काय? एक उदाहरण घेऊ. हळदीचा कंद कुजू लागला की आपण औषधाच्या दुकानाकडे धावतो. दुकानदार औषध विकतो. तो त्याचा धंदाच आहे, त्यास बोल कशाला लावावा? परंतु कंदकुजीचे मूळ पुष्कळदा रोगट बेण्यात व साचलेल्या पाण्यात असते. निरोगी बेणे निवडणे, लागणीपूर्वी बेणेप्रक्रिया करणे, गादीवाफे करून पाण्याचा निचरा राखणे, हे आधीचे उपाय होत. ज्यास काही विकावयाचे नाही असा जाणता मनुष्यच ते सावकाश समजावून सांगतो.

माती तपासण्याचेही तसेच. खत घालण्यापूर्वी, बांध, झाडाची सावली व उकिरड्याची जागा टाळून, शेतात नागमोडी चालत जावे. जागोजागी वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती वरपासून तळापर्यंत सारखी तासून घ्यावी. सर्व माती एकत्र कालवून तिचे चार भाग करावे व समोरासमोरचे दोन टाकून द्यावे. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत जावे. एवढ्या श्रमाने कोणते खत किती लागेल ह्याचा अंदाज येतो व उगाच घातलेल्या गोणीचे पैसे वाचतात.

आता मुख्य मुद्दा. बेणे निवडते कोण? लागण, खुरपणी, काढणीनंतर गड्डे व हळकुंडे वेगळी करणे, ही कामे बहुतांशी आमच्या भगिनींच्या हातची. तथापि शिक्षणास कोण जातो? ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे तो! तो वर्गात बसतो, पत्रक खिशात घालून परत येतो, आणि दुसऱ्या दिवशी बेण्याच्या ढिगाशी बसते ती निराळीच व्यक्ती, जिला त्यातील अवाक्षरही ठाऊक नसते. बटईने करणाऱ्याची गतही हीच. सरकारी योजनेच्या अर्जास सातबारा लागतो हे खरे. परंतु शिकण्यास सातबारा कशाला हवा? शेतकरी, शेतकरी स्त्रिया व ग्रामीण तरुण, ह्या तिघांसही शिकविणे हे कृषी विज्ञान केंद्राचे नेमून दिलेले काम आहे. दार उघडे असता आपणच घरातील निम्म्या माणसांस उंबऱ्याच्या आत ठेविले आहे.

परभणीच्या विद्यापीठात दरवर्षी १८ मे रोजी, म्हणजे त्याच्या स्थापनादिनी, खरीप मेळावा भरतो. हळदीच्या लागणीचे दिवसही तेच. ह्या खेपेस आपल्या धर्मग्रामातून जी गाडी जाईल, तिच्यातील निम्म्या जागा भगिनींच्या असाव्यात. त्या दिवशी लेकरे व गुरे पुरुषांनी सांभाळावी, भाकरीही थापाव्या. हसू नका, मी गंभीरपणे बोलत आहे. बटईदारांसही आवर्जून बोलवावे.

वही दाराशी ठेविली आहे. नावे आज सभा उठण्यापूर्वीच लिहावयाची आहेत, आणि पहिले पान भगिनींसाठी कोरे राखिले आहे.