मुलगी सायन्सला गेली, आता फिजिक्सचं काय?

(पंचवटी येथे झालेल्या महासंघाच्या सभेत कनिष्ठ महाविद्यालयातील फिजिक्सच्या शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. दहावीचा निकाल लागला की आया मला पहिला प्रश्न विचारतात, "मॅडम, क्लासला किती पैसे लागतील?" काही जणी त्यासाठी गटातून कर्जही काढतात. पैशाचं बोलूच. पण हा विषय असतो कसा, ते आधी सांगते. ते कळलं की पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

दहावीला विज्ञानाच्या पहिल्या भागात फिजिक्स आणि केमिस्ट्री एकाच पुस्तकात असतात. अकरावीला फिजिक्सचं स्वतंत्र जाड पुस्तक येतं. अकरावीला 14 धडे, बारावीला 16. बहुतेक कॉलेजांत शिकवणं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला बल माहीत असतं, फोर्स नसतो. त्वरण माहीत असतं, ॲक्सिलरेशन नसतं. अर्थ तिला येत असतो, नाव नवं असतं. वहीच्या मागच्या पानावर मराठी-इंग्रजी शब्दांची जोडी लिहीत गेली, तर दोन-तीन महिन्यांत ही अडचण बरीच कमी होते.

खरा फरक मात्र वेगळाच आहे. दहावीला बऱ्याच गणितांत सूत्र ठरलेलं असतं, आकडे घातले की उत्तर येतं. इथे आधी विचार करावा लागतो. एक उदाहरण देते, सगळ्यांनी उत्तर सांगा. नदी ताशी 3 किलोमीटर वेगाने वाहते. एक बाई ताशी 5 किलोमीटर वेगाने पोहते. तिला वाहून न जाता बरोबर समोरच्या काठाला लागायचंय. ती काठाकडे किती वेगाने सरकेल?

आत्ता बऱ्याच जणी म्हणाल्या, पाचातून तीन गेले, दोन. उत्तर आहे चार. कारण प्रवाह समोरून येत नाही, आडवा येतो. तिला प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकं तोंड करून पोहावं लागतं. घराचा पाया आखताना गवंडी दोरीने तीन फूट, चार फूट आणि तिरका पाच फूट मोजून काटकोन काढतो, बघितलंय ना? तोच हिशोब इथे आहे. फिजिक्समध्ये आकड्याला दिशा असते. ही एक गोष्ट डोक्यात बसायलाच मुलींना काही आठवडे लागतात. ती पाठ करून बसत नाही. चित्र काढून, चुकून, पुन्हा काढून बसते.

म्हणून पुढचं नीट ऐका. दहावीला 85-90 टक्के मिळवलेल्या मुलीला अकरावीच्या पहिल्या चाचणीत फिजिक्समध्ये निम्मेसुद्धा गुण मिळत नाहीत, असं दरवर्षी होतं. हुशार मुलींचंही होतं. घरात मग बोलणं सुरू होतं. "हिला झेपत नाही. उगाच सायन्स दिलं. काढून टाका, स्थळं बघा." ताईंनो, पहिल्या चाचणीवरून मुलीचा निकाल लावू नका. विचार करायची पद्धत बदलायला वेळ लागतो, आणि तोवर गुण खाली जातात. दिवाळीनंतरही ती रोज बसत असेल आणि तरी काहीच उमगत नसेल, तर तिच्या शिक्षकांना भेटा. तिला स्वतःलाच हे नको असेल, तर पॉलिटेक्निक आहे, कॉमर्स आहे, आर्ट्‌स आहे. त्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय तिच्याशी बोलून व्हावा, एका पेपरच्या गुणांवरून नको.

"मुलींना फिजिक्स जमत नाही" असं कोणी म्हणालं, तर डॉ. रोहिणी गोडबोले यांचं नाव सांगा. पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेत त्या शिकल्या, पुढे फिजिक्समधल्या नावाजलेल्या शास्त्रज्ञ झाल्या. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता परीक्षा. बारावीला फिजिक्सचे 100 गुण. त्यातले 70 लेखी आणि 30 प्रॅक्टिकलचे. प्रॅक्टिकल म्हणजे प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने मोजणं. बारीक तारेची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायची, लंबक हलवून वेळ घ्यायची, हे घरी बसून येत नाही. काही ठिकाणी मुलगी नावालाच कॉलेजात असते आणि दिवसभर क्लासला. प्रवेश घेताना तीन गोष्टी विचारा. प्रयोगशाळा चालू आहे का? मुली स्वतः प्रयोग करतात का? फिजिक्सला शिक्षक आहेत का?

इंजिनिअरिंगसाठी सीईटी असते. तिथे फिजिक्सचे 50 प्रश्न असतात, प्रत्येकी एक गुण, आणि चुकलं तर गुण कापत नाहीत. साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीवर, 80 टक्के बारावीवर. म्हणजे "अकरावी आरामाची" हे खरं नाही. अकरावी कच्ची राहिली तर बारावी समजतच नाही. डॉक्टरकीच्या नीटमध्येही फिजिक्स असतं. तिथे मात्र चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. नीटचा पेपर मराठीतही घेता येतो.

आता आपल्या भागातली अडचण. बारावीची प्रॅक्टिकल आणि लेखी परीक्षा येते ती ऐन द्राक्षाच्या हंगामात. तेव्हाच बागेत हात कमी पडतात आणि मुलीला म्हटलं जातं, "चार दिवस ये." त्या चार दिवसांत प्रॅक्टिकल बुडालं तर 30 गुणांना धक्का बसतो. हंगामाच्या मजुरीची सोय गटात बसून आधीच ठरवा. एकमेकींकडे सावड केली तर मुलीला बोलवावं लागणार नाही.

पैशाचं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जायला एसटीचा पास मोफत आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना 2024-25 पासून इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून घ्यावा लागतो, आणि उत्पन्नाचा, जातीचा दाखला वेळेत हातात लागतो. दाखल्यांचं काम अकरावीलाच सुरू करा. क्लासचं म्हणाल, तर दहावीच्या सुट्टीतच दोन वर्षांची फी एकरकमी भरू नका. पहिले दोन-तीन महिने कॉलेज आणि पुस्तक यांवर जाऊ द्या. कुठे अडतं ते कळलं की मग तेवढ्यापुरती शिकवणी लावा.

शेवटी, आईने काय करायचं? "मला कुठे इंग्रजी येतं," असं म्हणू नका. तुमच्याकडे दोन गोष्टी मागते. रोज दोन तास सलग, ज्यात तिला पाणी भर, भाकरी टाक, भावाला वाढ अशी हाक जाणार नाही. फिजिक्सचं एक गणित अर्धा तास खातं, मधेच उठली तर पहिल्यापासून सुरुवात. आणि रात्री जेवताना "किती मार्क पडले" याऐवजी "आज काय शिकलीस, मला सांग" असं विचारा. जात्याचा खुंटा कडेला का असतो, वणीच्या घाटात वळणावर आपण बाहेरच्या बाजूला का कलंडतो, हे तिला विचारा. दोन्हींची उत्तरं तिच्या पुस्तकात आहेत. तुम्हाला समजेल असं तिला सांगता आलं, तर तिला धडा समजलाय. सांगता सांगता अडखळली, तर नेमकं काय पुन्हा वाचायचं ते तिला कळतं.

ज्यांच्या मुली यंदा अकरावीला आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर ते दोन तास कोणते, हे ठरवून टाका. मुलीला विचारूनच ठरवा. काही शंका असतील तर मी चहाला थांबलेय, विचारा.