आधी उजवा हात



केदारखेड्यात गिटारवर व्याख्यान ठेवलं, याचं काहींना नवल वाटलं असेल. मला वाटलं नाही. आपल्या भोकरदन तालुक्यात गावोगावी सप्ताह होतात, आणि सप्ताहात विणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा खाली ठेवत नाहीत. बोटानं तार छेडायची, तालात छेडायची, हे इथल्या कानांना सांगावं लागत नाही.

आज मुलांची अडचण गिटार शिकवणारा मिळत नाही ही नाही. मोबाइलवर शिकवणारे शेकड्यांनी आहेत. एक सांगतो नखं वाढवा, दुसरा सांगतो अंगठ्यात नखी घाला, तिसरा तिसरंच. मुलं आज याचा धडा बघतात, उद्या त्याचा. वर्षभरात दहा गाण्यांची सुरुवात येते आणि एकही गाणं पुरं येत नाही. या मुलांची तळमळ खरी असते, म्हणून त्यांचं वाया जाणारं वर्ष मला फार लागतं. त्यांना माझं सांगणं असं : कोणतं गाणं वाजवायचंय ते आधी ठरवा. त्या गाण्याचा तालच उजव्या हाताची पद्धत निवडून देतो.

बोटांनी वाजवायच्या मोठ्या वाटा दोन. एक स्पेनकडची, शास्त्रीय. तिथं अंगठ्याकडे चौथी, पाचवी, सहावी या जाड तारा. तर्जनी तिसरीवर, मध्यमा दुसरीवर, अनामिका पहिलीवर. दुसरी वाट अमेरिकेतली. केंटकीच्या कोळसा खाणींच्या मुलखात वाढलेल्या मर्ल ट्रॅव्हिसचं (1917–1983) नाव तिला मिळालंय. त्यात अंगठा दोन जाड तारांवर आलटून पालटून सारखा चालत राहतो आणि वरच्या तारांवर बोटं गाणं काढतात.

आता आपले ताल घ्या. दादऱ्यातलं भावगीत असेल तर मात्रा सहा. अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, परत मध्यमा, परत तर्जनी : बरोबर सहा आघात. अंगठा समेवर येतो, अनामिका चौथ्या मात्रेवर, म्हणजे खालीवर. शास्त्रीय पद्धतीतला हा अगदी पहिल्या धड्यांतला क्रम आपल्या दादऱ्यात नेमका बसतो. अभंग घेतला तर भजनी ठेका, आठ मात्रा. इथं ट्रॅव्हिसचा अंगठा कामाचा : पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या मात्रेवर अंगठा, मधल्या जागा बोटांच्या. रूपक जरा अवघड. त्याचे तीन-दोन-दोन असे भाग, म्हणून अंगठा पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. पहिलं वर्षभर त्याला हात लावू नये.

पद्धत ठरली की धड्यांचा क्रम. माउरो जुलियानी या इटालियन वादकानं 1812 साली व्हिएन्नात उजव्या हातासाठी 120 अभ्यास छापले. सगळ्या अभ्यासांत डाव्या हाताला काम केवळ दोन स्वरमेळांचं. डावा हात मोकळा ठेवला की सारं लक्ष उजव्याकडे राहतं, आणि बोटांची चूक जिथल्या तिथं कळते. दोनशे वर्षं उलटली तरी शिक्षक ते धडे देतात. आपल्याकडे हे क्रमाचं महत्त्व विष्णु दिगंबर पलुस्करांनी ओळखलं. गायन शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं आणि गुरू देईल तेव्हा घ्यायचं, असा तो काळ. त्यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपी केली, पायरीपायरीनं अभ्यासक्रम लावला. पुढं 1931 साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं राहिलं. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षा पेटी-तबल्याच्या विद्यार्थ्यांना पाठ आहेत. आधीची परीक्षा झाल्याशिवाय कुणी विशारदला बसत नाही. गिटारच्या पोरांनी मात्र पहिल्याच महिन्यात विशारदचं गाणं धरलेलं असतं.

तेव्हा धडे निवडताना बघा : शिकवणारा मोकळ्या तारांपासून सुरू करतो का? कोणतं बोट कोणत्या तारेवर, हे स्पष्ट सांगतो का? लय किती ठेवायची ते सांगतो का? आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखादी लहानशी रचना शेवटपर्यंत वाजवून घेतो का? हे असेल तर तिथंच थांबा, दुसरीकडे बघू नका. सुरुवातीला मिनिटाला साठ मात्रांच्या पुढं जाऊ नका. मोबाइलवर तबल्याचा ठेका लावता येतो. यंत्राच्या टिकटिकीपेक्षा तो बरा, कारण त्यात सम ऐकू येते.

नखांचं विचारतात. कापूस वेचणाऱ्या, खुरपं धरणाऱ्या हाताला नखं राखणं जमत नाही. काळजी नको. थोर गिटारवादक सेगोव्हिया नखानं वाजवायचे. पण आधुनिक गिटारवादनाचा पाया घालणारे स्पेनचे तार्रेगा आयुष्याच्या उत्तरार्धात नखं काढून बोटांच्या मऊ भागानं वाजवू लागले. आवाज लहान येतो, पण गोल येतो. एक मात्र सांभाळा : नायलॉनच्या तारांच्या गिटारला पोलादी तारा चढवू नका. त्यांचा ताण कितीतरी जास्त असतो. तारा बांधलेली खालची पट्टी उखडून येते.

ज्यांना शिक्षक नाही, त्यांनी दोघातिघांनी मिळून बसावं. एकानं टाळी-खाली धरावी, दुसऱ्यानं वाजवावं, तिसऱ्यानं अंगठ्याकडे बघावं. स्वतःचा अंगठा कुठं चुकतो ते स्वतःला दिसत नाही. भजनी मंडळातले पखवाजवाले इथं बसलेत, त्यांना मी विनंती केलीय. ज्यांनी गिटार आणलीय त्यांनी आभारप्रदर्शनानंतर पुढं यावं; भजनी ठेक्यावर नुसत्या अंगठ्यानं सुरुवात करू.