गरम नळाची बारीक धार
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सेक्रेटरींनी मला ‘एखादी आठवण सांगा’ म्हणून उभं केलंय. माझी आठवण गरम पाण्याची आहे, आणि तिच्यात एक माफीही आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बाथरूममध्ये गरम पाण्याची धार करंगळीएवढी झाली. आईचं वय 82. बादली भरेपर्यंत ती कुडकुडत बसायची. खालच्या मजल्यावरच्या काकांनी पंप लावलाय, तेच पाणी ओढतात, असं मी भर मीटिंगमध्ये बोलून मोकळा झालो. काका दोन महिने जिन्यात माझ्याकडे बघत नव्हते.

संक्रांतीला इंदापूरची बहीण आली. म्हणाली, “दादा, थंड नळ सोडून बघितलास का?” सोडला, तर धो-धो! दोन्ही पाणी एकाच टाकीतलं. कुणी ओढत असतं तर थंडही कमी झालं असतं ना? मग बेसिनचा गरम नळ सोडला. तोही बारीक. म्हणजे शॉवरचा दोष नाही, घोडं गीझरपाशीच अडलेलं.

प्लंबरने मेन स्विच आणि अँगल कॉक बंद करून नळी सोडवली. आत पांढरा दगडी थर, मधे पेन्सिल जाईल एवढी वाट! नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन नसलं की आपण बोअर लावतो. त्या पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की बाहेर पडून चिकटतो. जितकं जास्त तापवाल तितका थर जास्त, आणि मी बहाद्दर काटा कायम शेवटी ठेवायचो. आता मध्यावर असतो.

खरी धडकी पुढे भरली. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्हही क्षाराने जाम होता. आत दाब वाढला असता तर सुटायला वाटच नव्हती, आणि आत आई अंघोळ करत असायची. तो लगेच नवा बसवला. तुमचाही प्लंबरकडून वर्षातून एकदा तपासून घ्या.

वरच्या मजल्यावरच्यांनी मात्र क्षाराला दोष देऊ नये. 10 मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो. तुमच्या डोक्यावर टाकी जेमतेम 3 मीटर. तुमचे दोन्ही नळ बारीकच राहणार.

काका दुसऱ्या रांगेत बसलेत. काका, चुकलं माझं. तो पंप तुमच्या माशांच्या टाकीचा होता, हे मला नंतर कळलं. तुमच्या शॉवरची चकती माझ्याकडे व्हिनेगरमध्ये भिजत पडलीय, उद्या सकाळी आणून देतो.