लोखंडी पदकें आणि सीमेंटचे किल्ले



दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें. परंतु त्या युद्धांत जर्मन सैनिकांनीं छातीवर लावलेलीं पदकें व बिल्ले अद्याप बाजारांत फिरत आहेत. कोणी ते हौसेनें जमवितो, कोणी नफ्यासाठीं विकतो, तर कोणी त्यांच्या हुबेहूब नकला करून भाबड्या गिऱ्हाइकांना फसवितो. ज्या राजवटीनें लक्षावधि निरपराध माणसांचा संहार केला, तिचीं चिन्हें घरांत जपून ठेवावींत काय, असा प्रश्न कोणीहि विचारील, व तो रास्तहि आहे. त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं या वस्तु काय सांगतात तें प्रथम पाहूं.

यांतील सर्वांत प्रसिद्ध पदक म्हणजे लोखंडी क्रूस. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यानें नेपोलियनविरुद्धच्या लढ्यांत, १८१३ सालीं, तो प्रथम निर्माण केला. पुढें १८७०, १९१४ व १९३९ सालीं त्याचें पुनरुज्जीवन झालें. १९३९ च्या क्रूसाला काळा लोखंडी गाभा, भोंवतीं रुपेरी कड व मध्यभागीं स्वस्तिक असे. याच्या जोडीला निरनिराळ्या दलांचे बिल्ले होते : पायदळाच्या हल्ल्यांत भाग घेणाऱ्याला एक, पाणबुडीवरील खलाशाला दुसरा, किनाऱ्यावरील नाविक तोफखान्याला तिसरा. जखमी सैनिकाला मिळणाऱ्या बिल्ल्यांत तर घावांची मोजदादच असे. एक-दोन जखमांना काळा, तीन-चारांना रुपेरी, आणि पांच किंवा अधिक जखमांना सोनेरी, असा त्याचा सामान्य नियम होता.

बिल्ला हातीं आला कीं जाणता संग्राहक प्रथम तो उलटा करून पाहतो. मागील बाजूचा कारखान्याचा शिक्का, टांचणीची घडण व धातूचा रंग यांवरून त्याच्या काळाचा अंदाज येतो. युद्धाच्या आरंभींचे बिल्ले बहुधा तांबें व जस्त यांच्या मिश्र धातूचे, वजनदार व रेखीव असत. युद्ध जसजसें लांबलें, तसतसें तांबें दारूगोळ्याकडे वळलें व बिल्ले जस्ताचे होऊं लागले. जस्तावरचा मुलामा टिकत नाहीं. म्हणून ते बिल्ले आज राखी व निस्तेज दिसतात. सरकारी वार्तापत्रें विजयाची ग्वाही देत असतां बिल्ल्याचा धातु मात्र खरी परिस्थिति सांगत होता.

परंतु नुसता बिल्ला पाहून त्याचा पुरा अर्थ कळत नाहीं. तो जेथें मिरविला गेला ती भूमीहि पाहावी लागते. आणि त्यासाठीं इंग्लिश खाडींतील चॅनेल बेटें फार उद्बोधक आहेत. जर्सी, गर्न्सी, ऑल्डर्नी, सार्क हीं बेटें ब्रिटिश राजमुकुटाखालीं असलीं, तरी फ्रान्सच्या किनाऱ्याला जवळ आहेत. जून १९४० मध्यें ब्रिटननें तेथील सैन्य काढून घेतलें. २८ जून रोजीं जर्मन विमानांनीं जर्सी व गर्न्सी येथील बंदरांवर बाँब टाकले, त्यांत ४४ माणसें मेलीं. ३० जूनला जर्मन सैनिक गर्न्सीवर उतरले, ते मे १९४५ पर्यंत हलले नाहींत. २० ऑक्टोबर १९४१ रोजीं हिटलरनें या बेटांचे अभेद्य दुर्ग करण्याचा हुकूम सोडला, आणि मोठ्या प्रमाणावर काँक्रीट ओतलें जाऊं लागलें.

गर्न्सीवरील मिरुस तोफखान्याची हकीकत एखाद्या कादंबरींत शोभावी अशी आहे. तेथील ३०.५ सेंटिमीटर व्यासाच्या चार तोफा मूळच्या रशियाच्या झारच्या एका युद्धनौकेवरील. राज्यक्रांतीनंतरच्या यादवींत ती नौका ट्युनिशियांतील बिझर्त बंदरांत आली. पुढें फ्रान्सनें तिच्या तोफा फिनलंडला धाडल्या. वाटेंत, १९४० सालीं, त्यांपैकीं चार नॉर्वेंत जर्मनांच्या हातीं लागल्या, व अखेर त्या गर्न्सीवर बसविण्यांत आल्या. हलक्या गोळ्यानें त्यांचा पल्ला सुमारें ५१ किलोमीटर पडे. जर्सीवर न्वारमाँ व कॉर्बिएर येथें समुद्राकडे टक लावून बसलेले टेहळणीचे मनोरे अजून उभे आहेत. सेंट लॉरेन्स येथें डोंगर पोखरून काढलेल्या भुयारांची लांबी एक किलोमीटरहून अधिक आहे. तेथें पुढें लष्करी रुग्णालय केलें गेलें; आज तें संग्रहालय आहे. या दुर्गांपैकीं पक्क्या कोठड्यांच्या भिंती दोन मीटर जाड असत. आंत शिरणारा मनुष्य दाराशींच बंदुकीच्या छिद्रासमोर यावा, अशी त्यांची रचना असे.

एवढें करून साधलें काय? जून १९४४ मध्यें दोस्त सैन्यें नॉर्मंडींत उतरलीं तीं हीं बेटें बाजूला टाकून. किल्ले अभेद्य राहिले. कारण ते भेदण्याची कोणाला गरजच पडली नाहीं. रसद तुटल्यामुळें रहिवासी व शिबंदी यांची सारखीच उपासमार होऊं लागली. २७ डिसेंबर १९४४ रोजीं रेड क्रॉसचें ‘व्हेगा’ जहाज अन्नपदार्थांच्या पेट्या घेऊन गर्न्सीस आलें, तेव्हां कोठें लोकांच्या जिवांत जीव आला.

आतां हे दुर्ग बांधले कोणी, हा खरा प्रश्न आहे. टोट नांवाच्या जर्मन बांधकाम-संघटनेनें स्पेनचे प्रजासत्ताकवादी निर्वासित, रशियन, युक्रेनी, पोल, फ्रेंच व उत्तर आफ्रिकेंतील लोक असे हजारों मजूर या बेटांवर आणले. त्यांतील पुष्कळांना जबरीनें आणलें होतें. ऑल्डर्नी बेट अगोदरच जवळजवळ ओस पडलें होतें. तेथें चार छावण्या उभारून त्यांना जर्मनीच्या बेटांचीं नांवें देण्यांत आलीं : हेल्गोलांड, नॉर्डर्नाय, बोर्कुम आणि झिल्ट. यांपैकीं झिल्ट छावणी मार्च १९४३ मध्यें एस्. एस्. दलाच्या ताब्यांत गेली. ब्रिटनमध्यें नेमलेल्या तज्ज्ञमंडळाच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें ऑल्डर्नीवर ६४१ ते १,०२७ माणसें मृत्युमुखीं पडलीं असावींत. जर्सीवर लुइझा गूल्ड या स्त्रीनें पळून आलेल्या एका रशियन कैद्याला घरांत आसरा दिला. तिचा स्वतःचा एक मुलगा युद्धांत कामास आला होता. १९४४ सालीं ती पकडली गेली, आणि १९४५ सालीं रावेन्सब्रूकच्या छावणींत तिचा अंत करण्यांत आला.

तटबंदीच्या कामासाठींहि जर्मन सरकारनें १९३९ सालीं एक पदक काढलें होतें. तें देशाच्या पश्चिम सीमेवरील तटासाठीं होतें. त्यावर तलवार व फावडें कोरलेलें आहे. ऑल्डर्नीवर ज्यांनीं फावडें मारतां मारतां प्राण सोडले, त्यांच्यासाठीं पदक नव्हतें. पुष्कळांच्या नशिबीं नांवाचा दगडहि नव्हता. संग्राहकाच्या पेटींत जी जागा रिकामी राहते ती त्यांची होय.

हा विषय आपल्यापासून अगदींच दूर आहे असेंहि नाहीं. उत्तर आफ्रिकेंत पकडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून सुभाषचंद्र बोस यांनीं जर्मनींत जें दळ उभारलें, त्याची एक पलटण १९४३ च्या उन्हाळ्यांत हॉलंडच्या टेक्सेल बेटावर किनाऱ्याच्या रक्षणास होती. त्या सैनिकांच्या बाहीवर तिरंग्यावर झेप घेणारा वाघ असे. शेर-ए-हिंद, वीर-ए-हिंद हीं त्यांच्यासाठीं निर्मिलेलीं पदकें व्हिएन्नांत घडलीं. स्वराज्याची आकांक्षा आणि हिटलरच्या सैन्याचा गणवेष यांची ती विलक्षण सांगड त्या लहानशा वस्तूंत आजहि दिसते.

म्हणून आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर असें देतां येईल, कीं या वस्तु ठेवाव्यात, परंतु पुराव्याप्रमाणें ठेवाव्यात, अलंकाराप्रमाणें नव्हे. प्रत्येक वस्तु कोठून आली, कोणाकडून आली, याची नोंद असावी. जर्मनींत १९५७ च्या कायद्यानें जुन्या सैनिकांना पदकें लावण्यास मुभा मिळाली, ती स्वस्तिक काढून टाकण्याच्या अटीवर. शौर्य व राजवट यांत भेद करण्याचा तो एक प्रयत्न होता. आणखी एक मर्यादा तर कोणीहि ओलांडूं नये. प्रत्येक जर्मन सैनिकाच्या गळ्यांत ओळखीची एक लंबवर्तुळाकार चकती असे. तो पडला कीं तिचा अर्धा भाग तोडून नोंदीसाठीं नेत, व अर्धा प्रेताबरोबर राही. जमिनींतून अखंड चकती निघाली, तर तेथें नोंद न झालेला मनुष्य पुरलेला असण्याचा संभव आहे. ती चकती विकत घेणें म्हणजे एखाद्या कुटुंबाला अखेरची बातमी मिळण्याची वाट बुजविणें होय. ती संबंधित अधिकाऱ्यांच्याच स्वाधीन करावी. हौस कितीहि मोठी असली, तरी या ठिकाणीं हात आवरता घेतलाच पाहिजे.