पोटाचं काम, मनाचं काम

नोकरीमुळे कवितेला वेळ मिळत नाही, अशी कुरकुर मीही पुष्कळ केली आहे. अमेरिकी छायाचित्रकार एलियट अर्विट यांचं पोट जाहिरातींवर चाले. मन मात्र कुत्र्यांत रमे. कॅमेरा जमिनीलगत नेऊन ते कुत्र्याच्या उंचीवरून जग टिपत. कधी स्वतःच भुंकून त्याला दचकवत.

१९७४ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याकडे बायकांच्या बुटांच्या जाहिरातीचं काम होतं. त्या छायाचित्रात बूट आहेतच. पण एका बाजूला ग्रेट डेनचे नुसते उंच पाय, दुसऱ्या बाजूला टोपी घातलेला इवलासा चिवावा! बूट कोणाचे, हे आज कोण विचारतो? लक्षात राहतो तो चिवावा.

२०२३ मध्ये, ९५ व्या वर्षी अर्विट गेले. ते चित्र पाहिलं, की माझी कुरकुर थांबते. कामावर जाताना छंद घरी ठेवायचा, हे आपल्याला सांगितलं कुणी?