तालमीचा फुटबॉल आणि आपण बाया

आम्ही करवीर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. मागच्या खेपेला आम्ही दुधाच्या हिशेबावर बोललो होतो. आज बोलणार आहोत फुटबॉलवर. हसू नका. आमच्या गटात पंधरा जणी आहेत आणि त्यातल्या सात घरांत फुटबॉल खेळणारं पोर आहे. चिखलाचे मोजे आम्हीच धुतो, सुजलेल्या घोट्याला हळद आम्हीच लावतो. पण पोरगं नेमकं कुठं, कुणाकडून आणि कुठल्या नियमानं खेळतं हे गेल्या वर्षापर्यंत आम्हाला धड माहीत नव्हतं. ते माहीत करून घ्यायची वेळ का आली, तेही पुढं सांगतो.

आधी थोडं मागचं. कोल्हापूर म्हटलं की कुस्ती. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या काळात राज्य केलं, पैलवानांना आसरा दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं. पेठेपेठेत तालमी होत्या. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. तरण्या पोरांचं बसायउठायचं ठिकाण तेच, गणपती तिथलाच, शिवजयंती तिथलीच आणि कुणाच्या घरी अडचण आली तर धावून जाणारी माणसंही तिथलीच. २०१९ च्या महापुरात तालीम-मंडळांची पोरं कशी पाण्यात उतरली होती, ते आपण डोळ्यांनी बघितलंय.

फुटबॉल आला तो इंग्रजी अमदानीत. शाळा-कॉलेजांतून, संस्थानच्या मैदानांवरून तो पेठांत शिरला. राजघराण्यानं त्याला पाठबळ दिलं. तालमीतल्या पोरांनी लंगोट सोडून बूट घातले, पण तालमीचं नाव सोडलं नाही. म्हणून तर आजही कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांची नावं अशी आहेत : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. बाहेरच्या माणसाला वाटतं, तालीम आणि फुटबॉल हा काय मेळ? आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही. १९४९ साली संस्थान विलीन झालं, पण हा खेळ पेठेचा होता, तो पेठेतच राहिला.

हे सगळं चालवते ती कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, सगळे तिला केएसए म्हणतात. ती राज्याच्या संघटनेला जोडलेली, आणि राज्याची संघटना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला. आपल्याकडं कसं, गट, त्यावर ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ? तशीच ही उतरंड.

आता लीग म्हणजे काय ते सांगतो, कारण आम्हीही आधी लीग आणि चषक एकच समजत होतो. चषकाच्या स्पर्धेत हरला की संघ बाहेर. लीगमध्ये तसं नाही. गटातल्या प्रत्येक संघाला बाकीच्या प्रत्येकाशी खेळावं लागतं. समजा गटात आठ संघ आहेत, तर प्रत्येकाचे सात सामने, सगळे मिळून अठ्ठावीस. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलं तर काही नाही. गुण सारखे झाले तर किती गोल केले आणि किती खाल्ले याचा फरक बघतात. म्हणजे एका दिवसाच्या जोरावर लीग जिंकता येत नाही. दर आठवड्याला थोडं थोडं साठवावं लागतं. बचत गटाच्या बाईला हे वेगळं समजवायला नको.

वरिष्ठ गटात सोळा संघ असतात. त्याखाली आणखी गट आहेत. तळाला राहिलेला संघ खालच्या गटात उतरतो, खालचा चांगला खेळलेला वर चढतो. या चढउतारामुळंच शेवटच्या नंबरच्या सामन्यालाही गर्दी होते. आमच्या गावची पोरं शहरातल्या एका मंडळाकडून खालच्या गटात खेळतात. त्यांचे सामने कुणी पेपरात फारसे छापत नाही, पण तीही लीगच.

वर्षाचं गणित असं. पावसाळा सरत आला की खेळाडूंची नोंदणी. आधार कार्ड, जन्माचा दाखला, फोटो लागतो. एकदा एका संघाकडून नाव नोंदवलं की त्या हंगामात दुसऱ्याकडून खेळता येत नाही. मग शाहू स्टेडियमवर लीगचे सामने, आणि लीग उरकली की उन्हाळ्यात चषकांच्या स्पर्धा.

ही लीग हौशी आहे. हौशी म्हणजे पोराला पगार नाही. बूट, गुडघ्याखालची पट्टी, येण्याजाण्याचं तिकीट हे घरातून जातं. संघाचा खर्च मंडळाची वर्गणी आणि देणगीदार उचलतात. मोठे संघ बाहेरगावचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू आणतात, त्यांचा खर्च वेगळा. त्यामुळं एखाद्या हंगामात आपलं पोरगं बाकावरच बसलं तर घरात चिडचिड होते. तेव्हा त्याला विचारा, तू सरावाला रोज जातोस का? पहिला प्रश्न तोच.

आता दुखण्याची गोष्ट. कोल्हापुरात एक शब्द आहे, ईर्षा. पेठेची पेठेशी ईर्षा. ती आहे म्हणून स्टेडियम भरतं, म्हणून विश्वचषक आला की एका गल्लीत अर्जेंटिनाचा झेंडा आणि पलीकडच्या गल्लीत ब्राझीलचा लागतो. पण तीच ईर्षा वाट सोडून गेली की गॅलरीत बाटल्या उडतात, बाहेर दगड उडतात, स्पर्धा थांबतात.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईचा मुलगा असाच अडकला. तो त्या दिवशी खेळतसुद्धा नव्हता, बघायला गेला होता. सामना सुटल्यावर रस्त्यावर मारामारी झाली आणि गुन्ह्यात त्याचंही नाव आलं. पोरगं दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करत होतं. पहाटे चारला उठून पळायचं. भरतीत चारित्र्य पडताळणी असते हे तुम्हाला माहीत आहे. ताई आमच्या बैठकीत येऊन नुसती बसून राहिली. हप्त्याचे पैसे तिनं पुढं ठेवले आणि म्हणाली, "मी त्याला कधी विचारलंच नाही, तू कुणाबरोबर जातोस."

आम्हाला सगळ्यांनाच ते लागलं. कारण आम्हीही विचारलं नव्हतं. मैदान हा पुरुषांचा विषय म्हणून आम्ही तो सोडून दिला होता.

मग आम्ही नऊ जणी त्या मंडळाच्या बैठकीला गेलो. पहिल्यांदा पोरं गोंधळली, एकानं तर विचारलं, "काकी, कुणाला शोधताय?" पण तिथले जुने वस्ताद म्हणाले, "बसू द्या त्यांना. तुमचे कपडे त्याच धुतात." आम्ही तीन गोष्टी मागितल्या. अठरा वर्षांखालच्या पोरांना सामना सुटल्या सुटल्या मोठ्या माणसाबरोबर गावच्या एसटीत बसवायचं. मारामारीत सापडलेल्याचं नाव पुढच्या हंगामात नोंदवायचं नाही, मग तो कितीही गोल करणारा असो. आणि दुखापत झाली तर घरी त्याच दिवशी फोन करायचा. पहिली आणि तिसरी लगेच मान्य झाली. दुसरीवर बराच वाद झाला. शेवटी ती वहीत लिहून घेतली. ती पाळतात का, ते आम्ही नोंदणीच्या वेळी जाऊन बघणार आहोत. ताईच्या मुलाची केस अजून चालू आहे. पहाटेचं पळणं त्यानं सोडलेलं नाही.

दुसरी एक समजूत आम्ही दूर करून घेतली, ती तुम्हीही करा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण गल्लीतल्या चषकाच्या ढाली त्यात चालत नाहीत. अधिकृत राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांतली कामगिरी लागते, आणि प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं. म्हणून शाळेतून होणाऱ्या स्पर्धा सोडू नका. सुब्रतो चषकाची वाट शाळेच्या संघातूनच सुरू होते आणि दिल्लीपर्यंत जाते. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा संघ पहिल्यांदाच उतरला होता, आणि त्या संघात कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव होता. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. पेठेतली ईर्षा चांगल्या वाटेला लागली तर पोर कुठवर जातं, त्याचं हे उदाहरण.

आणि मुलींचं काय? सुब्रतो चषकात मुलींचाही गट आहे. २०१९ मध्ये लुधियानाला झालेल्या इंडियन वुमेन्स लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ देशभरातल्या संघांशी खेळला. हे आम्हाला कळलं तेव्हा आमच्याच गावातल्या मुली शाळेच्या भिंतीवर बसून भावांचा सराव बघत होत्या. आता मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मैदान मुलींचं असतं. अकरा पुऱ्या होत नाहीत, सात-आठच येतात. एकीची आजी रोज काठी घेऊन कडेला बसते. आधी ती नातीला परत न्यायला यायची, आता गोल मोजते.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात फुटबॉल नसेल, कबड्डी असेल, क्रिकेट असेल. पोर ज्या संघातून खेळतं त्याचं नाव, मुख्य माणसाचा फोन नंबर आणि सामन्यांचं वेळापत्रक, एवढं घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि एकदा तरी सामना बघायला जा. आईला गॅलरीत बसलेली बघितलं की हातातला दगड खाली पडतो, असं ते वस्ताद म्हणाले. आम्ही येत्या हंगामात जाणार आहोत, डबे घेऊन.